गुरुवारच्या मंडळात एक हत्याकांड

आमच्या घरात मला वाचायला पहिल्यांदा मिळालं ते पत्रक. बाबा कामगार संघटनेच्या प्रचाराचं काम बघायचे आणि कंपनीच्या गेटवर वाटायचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे. मी अक्षरं जोडायला शिकले ती 'जाहीर निषेध'वरून. त्यामुळे शाळेत 'माझी आई' या निबंधाचा शेवट मी मागण्या लिहून केला होता. आईला आठवड्याची सुट्टी मिळालीच पाहिजे, वगैरे. बाबांनी तो निबंध कौतुकाने संघटनेच्या ऑफिसात नेऊन फिरवला. आई अजून म्हणते, "फिरवला सगळीकडं, मान्य कुणी केला नाही."

पुढे मी कथा लिहायला लागले तरी ही खोड गेली नाही. माझ्या कथेतली मुलगी अर्धं पान प्रेमात असायची आणि उरलेल्या पानांत ठराव मांडायची. बाबांना त्या कथा फार आवडायच्या. हीच खरी अडचण होती.

मी कुरुळीला एका लहान कंपनीच्या ऑफिसात तपासणीचे रिपोर्ट बनवते आणि राहते चिखलीत. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हणून आमच्या भागातलं साहित्यही गुरुवारी घडतं. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आमचं कथामंडळ भरतं. खाली गिरणी सुरू झाली की वर कथेतला शोक थोडा मोठ्याने वाचावा लागतो, एवढंच.

मंडळाचे अध्यक्ष चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. आठवडाभर पार्ट तपासायचे आणि गुरुवारी कथा, असा त्यांचा क्रम आहे, आणि दोन्हीकडे पद्धत एकच. कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. मशीन का थांबलं? पट्टा तुटला. पट्टा का तुटला? असं करत मुळाशी जायचं. ही पद्धत त्यांनी मंडळात आणली, सोबत एक पांढरा बोर्डही आणला. आमच्यात कोकणातले एक डायमेकर आहेत, कंपनीत साचे बनवतात आणि कथा फक्त भुतांच्या लिहितात. त्यांच्या पहिल्याच कथेवर अध्यक्षांनी बोर्डावर लिहिलं, 'भूत का आलं?'

"आमच्याकडे येतत," डायमेकर म्हणाले.

"हे कारण होत नाही, भाऊ."

"तुमी आमच्या गावाक येवा, मगे कारण विचारा."

अशा या मंडळात मी एक हत्याकांड घेऊन गेले. आणि ते माझ्या घरातलं होतं.

आमचं मूळ गाव मराठवाड्यात. बाबांची आत्या, म्हणजे माझी आत्याआजी, गेली काही वर्षं आमच्याकडेच राहते. निजामाचं राज्य गेलं तेव्हा ती परकरी पोर होती. तिचे वडील, म्हणजे बाबांचे आजोबा, आमच्या घरातले स्वातंत्र्यसैनिक. रझाकारांशी लढले, उसात लपून राहिले, मार खाल्ला. यातलं काहीच खोटं नाही. रझाकारांनी आमच्या भागात काय केलं ते शाळेत शिकवतात, तेही खरं आहे. बाबा गेटवरच्या भाषणाची सुरुवात हमखास करायचे, "मी रझाकारांशी लढलेल्या माणसाचा नातू आहे." त्यावर टाळी ठरलेली असे. लहानपणी मला वाटायचं, रझाकार हे बाबांच्या कंपनीतले मॅनेजर असावेत.

गावात दरवर्षी सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, झेंडावंदन होतं. पणजोबांच्या फोटोला हार घालतात आणि हयात असलेली एकुलती एक मुलगी म्हणून आत्याआजीला शाल-नारळ देतात. त्या वर्षीही श्रावणातच गावच्या झेंडावंदन समितीचा फोन येऊन गेला. त्याच आठवड्यात एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी तेव्हा एका कथेचा शेवट लिहीत होते, म्हणजे मागण्या लिहीत होते.

"काय लिहायलीस?"

"गोष्ट."

"खरी का खोटी?"

"खोटी. पण खऱ्यासारखी."

"मग एक खरी घे," ती म्हणाली. "खोट्यासारखी लिही पायजे तर. पण कोणी मारलं ते लिही. नुसतं मारलं मारलं करू नको."

मग तिने सांगितलं. त्यांच्या घरासमोर बांगड्या भरणाऱ्या मणियाराचं घर होतं. त्याची मुलगी हिच्या बरोबरीची. दोघी फुटक्या काचांचे तुकडे गोळा करून त्यांचा बाजार मांडायच्या. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली. रझाकार पळाले. ज्यांनी लुटलं, जाळलं होतं, ते आधी गेले, कारण आपल्याला धरतील हे त्यांना ठाऊक होतं. मणियार राहिला. चार दिवसांनी गावातलेच लोक त्याच्या घरात शिरले. त्या घरातलं कोणी उरलं नाही.

"आणि दादा?" मी विचारलं. पणजोबांना ती दादा म्हणते.

"दादा त्यात होते. घरी आले तर दारात उभे राहिले. पुरुषमाणूस बाहेरून आलं की हातपायावर पाणी घालायचं काम माझं. मी तांब्या घेऊन गेले. मी पाणी घातलं. दादा म्हणाले, अजून घाल. मी अजून घातलं."

पुढे ती म्हणाली, "त्या साली गावात लग्नं झाली, तर चुडा भरायला माणूस न्हाई. बायकांना तालुक्याला जावं लागलं. पण मणियार कुठं गेला, असं कुणीच विचारलं न्हाई. सगळ्यांनी गपगुमान बैलगाड्या जुंपल्या."

तिला हवं होतं ते एवढंच: पुढची शाल अंगावर पडायच्या आत हे कुठेतरी लिहिलेलं असावं. तिने आजवर ते कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. "त्यांना सांगितलं असतं तर माहेर तुटलं असतं," ती म्हणाली, जसं काही ती कालचीच गोष्ट होती.

मी पेटले. मला पेटायला तसंही फार लागत नाही. मी वाचनालयात जाऊन पुस्तकं आणली. पोलीस ॲक्शननंतर आमच्या भागात मुसलमानांच्या कत्तली झाल्या, सरकारनेच त्याची चौकशी करवली आणि अहवाल वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला, हे मला पहिल्यांदाच कळलं. आणि मी कथा लिहिली. वाक्यं अशी: 'सरंजामी व्यवस्थेने त्या निष्पाप कुटुंबाचा घास घेतला.' 'द्वेषाच्या राजकारणाने अंगणात रक्ताचा सडा घातला.' शेवटी मागण्या नव्हत्या, पण आवाज मागण्यांचाच होता.

गुरुवारी मी ती मंडळात वाचली. पहिला वाद शब्दावर झाला. याला हत्याकांड म्हणायचं की नरसंहार? मी उभी राहून एक लांबलचक भाषण केलं, त्यात माणसं धर्म बघून निवडून मारणं, गावंच्या गावं रिकामी होणं, सगळं आलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, सगळं बरोबर आहे. पण बोर्ड लहान आहे." मग त्यांनी नेहमीप्रमाणे लिहायला घेतलं. "मणियार का मेला?"

"गावकऱ्यांनी मारलं म्हणून," कोणीतरी म्हणालं.

"का मारलं?"

"रझाकारांचा राग."

"मग याच्यावर का काढला?"

"रझाकार पळाले. हा उरला होता."

"हा का नाही पळाला?"

उत्तर मला माहीत होतं. "त्याने काही केलं नव्हतं. म्हणून त्याला पळायचं कारण नव्हतं."

अध्यक्षांचा पेन बोर्डावर टेकून तसाच राहिला. खालची गिरणीही नेमकी तेव्हाच बंद होती. मग त्यांनी घसा साफ केला. "आता पाचवा 'का'. इथे एक नियम आहे. उत्तर कधीही 'ऑपरेटरची चूक' असं येता कामा नये. माणसाला दोष दिला की तपास थांबतो. चूक प्रोसेसची शोधायची." आणि त्यांनी लिहिलं, 'प्रोसेस फेल.'

मला कोण आनंद झाला! माझ्या कथेतही तेच होतं. व्यवस्था! कंपनीची क्वालिटी आणि कामगारांचं पत्रक शेवटी एकाच जागी येऊन पोचली होती. मी त्यावर आणखी बोलणार, तेवढ्यात डायमेकरांनी हात वर केला.

"ता सगळा खरा. पण मगे मारल्यान कोणी?"

"व्यवस्थेने," मी म्हणाले.

"माका म्हणता भुतां लिवतंस," ते म्हणाले. "माझ्या गोष्टीत निदान भूत कोणाचा ता तरी कळता."

सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. घरी येईपर्यंत त्यांना द्यायची चांगली चार उत्तरं तयार झाली होती.

संध्याकाळी आत्याआजीला कथा वाचून दाखवली. ती डोळे मिटून ऐकत होती. 'रक्ताचा सडा' आला तेव्हा तिने एक डोळा उघडला आणि परत मिटला.

"झाली?"

"झाली."

"ह्यात दादा कुठं हाय?"

"व्यवस्था म्हणजे तेच ना, आजी. दादा आणि त्यांच्यासारखे सगळेच."

"ही वेवस्था आपल्या गावची होती का गं?" तिने विचारलं. "मी तर कधी तिच्या हातावर पाणी घातलं न्हाई."

मग मी पुन्हा लिहिली. या वेळी मी काही केलं असेल तर एवढंच, की तिच्या वाक्यांत माझी मिसळली नाहीत. फुटक्या काचांचा बाजार. फौज. चार दिवस. मणियाराचं दार. आणि मग: 'मुलीचे वडील घरी आले. मुलीने त्यांच्या हातावर पाणी घातलं. वडील म्हणाले, अजून घाल.' तालुक्याला निघालेल्या बैलगाड्यांवर कथा संपली. रझाकारांनी केलेलंही त्यात होतं, ते वगळलं असतं तर तीही एक लबाडीच झाली असती. नाव कोणाचंच नव्हतं. पण आमच्या गावच्या माणसाला नाव लागणार नव्हतं.

आमच्या घरातून बाहेर जाणारा कुठलाही कागद बाबांच्या लाल पेनाखालून जातो. निवृत्त झाले तरी पेन निवृत्त झालेला नाही. दुधाच्या पिशव्यांबद्दल सोसायटीने लावलेली नोटीसही त्यांनी दुरुस्त करून परत चिकटवली होती. त्यांनी कथा घेतली, चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं. वाचून झालं. टोपण परत लागलं. कागदावर एक खूणही नव्हती.

"माझ्या आजोबाला खुनी केलंस," ते म्हणाले.

"मी नाही केलं."

"पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही, हे तुला मीच शिकवलं ना?"

आत्याआजी आतून म्हणाली, "मी बसलेय की हितं. पुरावा जिवंत हाय अजून."

"आत्या, तू लेकरू होतीस तेव्हा."

"व्हय. लेकराच्याच हातात तांब्या देतात."

बाबा उठून गॅलरीत गेले, परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. राग असता तर मला जमलं असतं. गेटवर भाषण सुरू करायला उभ्या राहिलेल्या माणसाचं पहिलंच वाक्य कोणीतरी काढून घ्यावं, तसं झालं होतं.

पण शेवटी ते संघटनेचे माणूस. ते खुर्ची ओढून आत्याआजीसमोर बसले आणि वाटाघाटी सुरू झाल्या. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात विचित्र बैठक. एका बाजूला मागणी मांडणारी आत्याआजी, आणि समोर, जन्मात पहिल्यांदाच, मालकाच्या बाजूला बाबा.

"आपण 'जमावाने' असं लिहू," ते म्हणाले. "जमावात सगळेच येतात."

"न्हाई."

"बरं. 'गावातल्या काही लोकांनी'."

"कुठल्या लोकांनी?"

"आत्या, थोडं मागं ये. मीही येतो. 'मुलीच्या ओळखीच्या एका माणसाने'. हे माझं शेवटचं."

"बाप ओळखीचा असतो व्हय रं?"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. आई भाजी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "ह्यांनी कंपनीच्या लोकांना इतक्या वेळा 'हे शेवटचं' म्हणताना ऐकलंय, की आता स्वतःलाही तेच यायला लागलं."

बाबांनी मग खरा मुद्दा काढला. "लोक वापरतील, आत्या. उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, बघा, स्वातंत्र्यसैनिक म्हणजे खुनी. त्यांनी मार खाल्ला तो खोटा का? उसात उपाशी काढलेले दिवस खोटे का?"

"खोटं कोण म्हणतंय? पाठीवरचे वळ मी बघितलेत. दादांनी मला खांद्यावर बसवून यात्रेला नेलंय. तेबी लिही म्हणावं. मी दादाला वाईट म्हणत न्हाई रं बाळा. मी म्हणते, त्यांनी मारलं."

"मग आता तरी थोडं मागं ये."

"इतकी वर्षं मागंच होते की," आत्याआजी म्हणाली.

करार झाला नाही असं बाबांनी कधी कबूल केलेलं नाही. बाबा म्हणतात, आत्याने 'वडिलांनी' हा शब्द मिळवला आणि मी 'पाठीवरचे वळ' मिळवले. ते वाक्य मी घातलं, आणि खरं सांगायचं तर त्याने कथा जास्त वाईट झाली, म्हणजे जास्त खरी झाली. ज्या माणसाने अजून पाणी मागितलं, त्याच्याच पाठीवर वळ होते. माझ्या आधीच्या सगळ्या कथांत वळ एकाच्या पाठीवर असायचे आणि हात दुसऱ्याचे.

न्याय म्हणजे काय, यावर मी पूर्वी कितीही बोलू शकत असे. आता तितकं येत नाही. आरोपी केव्हाच गेला, फोटोत आहे. फिर्याद द्यायला त्या घरातलं कोणी नाही. कथेने कोणाला शिक्षा होत नाही. मंडळात दुसऱ्यांदा वाचली तेव्हा अध्यक्ष बोर्डापर्यंत गेले, पेन घेतला, आणि 'ऑपरेटर' एवढाच शब्द लिहून खाली बसले. डायमेकर म्हणाले, "आज 'का' नको." पण अध्यक्ष अस्वस्थच होते. निघताना जिन्यात मला म्हणाले, "ताई, नियम मोडला मी आज. उद्या कंपनीत काय करू?" मी म्हटलं, कंपनीत चालू द्या.

सप्टेंबर लागला आणि समितीचा दुसरा फोन आला. बाबांच्या मोबाइलवर, स्पीकर चालू. बाबांना स्पीकरशिवाय फोनवर बोलता येत नाही. गेटची सवय.

"आत्याबाईंना कधी घेऊन येताय? शाल घेतलीय या वर्षी भारीतली."

"ती येणार नाही," बाबा म्हणाले.

"तब्येत?"

मी बाबांकडे बघत होते. तब्येत म्हटलं असतं की विषय संपला असता. वयाला शोभलंही असतं. आत्याआजी दाराशी उभी होती, तिने हातातलं गहू पाखडायचं सूप तसंच धरलं होतं.

"तब्येत चांगली आहे," बाबा म्हणाले. "तिला सत्कार नको आहे. कारण माझ्या मुलीने लिहिलंय, ते पाठवतो. पूर्ण वाचा. अर्धवट वाचून मला फोन करू नका." आणि फोन ठेवून माझ्यावर ओरडले, "बघत काय बसलीस? पाठव!"

मी गावाच्या ग्रुपवर कथा टाकली. आधी हात जोडलेले आले. मग 'अभिनंदन ताई', 'गावाचं नाव उंचावलं', एक फुलांचा गुच्छ. हे सगळं इतक्या झटपट आलं की कोणी वाचलं नसणार हे उघड होतं. मग दुपारपर्यंत काहीच नाही. मग एकेक जण ग्रुप सोडून जायला लागला. समितीच्या माणसाने लिहिलं, 'असल्या गोष्टी उकरून काय मिळतं?' त्याखाली अंगठे. बाबा प्रत्येक अंगठा कोणाचा ते बघून मला सांगत होते. "हा माझ्याकडून वह्या न्यायचा," वगैरे. झेंडावंदन झालं, हार पडला, फोटो ग्रुपवर आला. त्यात आत्याआजीच्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसवलं नव्हतं. ती रिकामीच ठेवली होती, की बसायला कोणी तयार झालं नाही, हे फोटोवरून कळत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी सकाळी बाबांच्या मोबाइलवर गावाकडचा एक अनोळखी नंबर वाजला. बाबा भांडणाच्या तयारीने उचलून म्हणाले, "बोला!" पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला.

"ती हाय का? दादांची? तिला द्या."

बाबांनी फोन आत्याआजीच्या हातात दिला. स्पीकर तसाच चालू होता.

"सुनेनं वाचून दाखवली मला," पलीकडची म्हणाली. "ऐकायलीस का? आमच्या घरी बी पाणी मीच घातलं होतं."

आत्याआजीने मोबाइल उलटासुलटा केला, स्पीकर कसा बंद करतात हे तिला माहीत नव्हतं. तिने तो माझ्यापुढे धरला. मी बंद करून दिला. तो कानाला लावून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

आम्ही बाहेर बसलो. बाबांनी पेपर उघडला, पान उलटलं नाही. आतून एकदा त्या मणियाराच्या पोरीचं नाव ऐकू आलं, ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला कधी तिने ते सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. ते इथे मी लिहीत नाही. दोघींचं चाललंच होतं. मध्येच आत्याआजी हसली, मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि आम्हाला वाटलं, संपलं. बाबा पेपर घडी करून उठले.

तेवढ्यात आतून हाक आली, "अरं, ह्याचं चार्जिंग संपत आलंय. वायर आण लवकर!"

बाबा वायर आणायला धावले.